मादी दुसऱ्याच्या घरी

पेच्ची कोळशाच्या भट्टीवरून घरी आली तेव्हा चिट्टू कुत्री व्याली होती. गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीखाली तिनं वाळू उकरून खड्डा केला होता आणि त्यात ती अंगाची कमान करून पडली होती. बैल उन्हाळ्यातच गेले होते, त्यामुळे गोठा आता कुत्रीचाच झाला होता.

पुरट्टासी महिना निम्मा सरला तरी काळ्या रानावर थेंब नव्हता. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. कापूस नाही, मिरची नाही. रानात जोमानं वाढत होती ती एकटी वेडी बाभूळ. ती तोडायची, रचायची, मातीनं लिंपायची आणि आतल्या आत जाळून कोळसा करायचा, एवढंच काम गावाला उरलं होतं. पेच्चीचा नवरा सुडलै त्यालाही कंटाळून तूत्तुकुडीच्या मिठागरावर निघून गेला होता. घरात राहिली तिघं: पेच्ची, लग्नाला आलेली मुलगी शेंबगम आणि सासरा इरुळप्पन. म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्यानं चारजण सांगितले असते, आणि त्यात पहिलं नाव चिट्टूचं घेतलं असतं.

"पाच झाली गं आई," शेंबगम म्हणाली. "ताता बघतायत. मला जवळ येऊ देत नाहीत."

तिचा ताता, आजा इरुळप्पन, उकिडवा बसला होता. एकेक पिल्लू मानेच्या कातड्याला धरून उचलायचा, उलटं करायचा, शेपटीखाली बघायचा आणि डाव्या नाहीतर उजव्या हाताला ठेवायचा. पिल्लं काळी कुळकुळीत, भुवयांवर आणि पंजांवर तेवढे पिवळट ठिपके. डोळे मिटलेली. उजवीकडे दोन होती, डावीकडे तीन. डावीकडच्या तिघींकडे म्हाताऱ्यानं पुन्हा बघितलंसुद्धा नाही. उजवीकडच्या दोघांना मात्र त्यानं हवेत धरलं. एक कुंई कुंई करायला लागलं. दुसरं गप लटकून राहिलं.

"हा," इरुळप्पन म्हणाला. "हा ठेवायचा."

"मामा," पेच्ची काळे हात पदराला पुसत म्हणाली, "यंदा एक मादी पण ठेवू या. शेंबगमचं पोंगलनंतर ठरलंय. तिच्याबरोबर द्यायला नको?"

तिला पुढं काही सांगायची गरज नव्हती. कन्नी जातीची कुत्री विकत मिळत नाही. ती नवरीबरोबर येते. पेच्ची स्वतः या घरात आली ती एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात कुत्रीची दोरी घेऊन, आणि तिच्या बापानं भर मांडवात इरुळप्पनकडून वचन घेतलं होतं की ही जात विकणार नाही, विकू देणार नाही. चिट्टू त्या कुत्रीची नात. मांडवात लोक नवरीच्या गळ्यातलं नंतर बघतात, आधी कुत्रीची कंबर बघतात. मुठीत मावली पाहिजे.

"मादी आणू की," इरुळप्पन म्हणाला. "चेल्लैयाची कुत्री कार्तिकात विणार आहे. एक मागून घेऊ. तो काय नाही म्हणणार आहे मला?"

"घरची असताना दुसऱ्याची कशाला मागायची?"

"घरात खायला काय आहे ते मला दाखव. दाखव ना. तुझ्या आंबिलीत बाजरी शोधावी लागते. चिट्टूच्या अंगात दूध आहे ते एकाला पुरेल. दोन लावली तर दोन्ही माकडं होतील. त्यापेक्षा एक वाढू दे. मासीच्या शिकारीला हा उभा राहिला पाहिजे."

मासी महिन्यात गावदेव अय्यनारच्या जत्रेची शिकार असते. पहिला ससा ज्याच्या कुत्र्यानं धरला त्याच्या डोक्याला देवळाचं उपरणं बांधतात. ते उपरणं एके काळी दरवर्षी इरुळप्पनच्या डोक्याला असायचं. आता काही वर्षं ते चेल्लैयाकडे जात होतं, आणि चेल्लैया मुद्दाम त्याच्या दारावरून उपरणं बांधून पाण्याला जायचा.

"चेल्लैयानं दिली नाही तर?" पेच्चीनं विचारलं.

"माझा शब्द आहे. आता उचल ती. दूध ओढायला लागली की तिच्यापासून सोडवणं जड जातं."

उचलायचं काम बायकांचं. हा नियम कुणी केला ते कुणाला माहीत नाही, पण पुरुष निवडतात आणि बायका उचलतात. पेच्चीनं तीन माद्या आणि तो कुंई करणारा नर ताडपानांच्या टोपलीत घातले, वर ओलं फडकं टाकलं. बोट लागलं की त्यांची तोंडं बोट चोखायला बघत होती. तिच्या बोटांना कोळसा होता. शेंबगम दाराशी उभी होती. तिला पेच्चीनं हातानंच आत जायला सांगितलं.

तळ्याचं पात्र कोरडं पडलं होतं. मधोमध जिथं थोडी मऊ माती होती तिथं तिनं खुरप्यानं खड्डा केला. रुईची पानं तोडली, चीक काढला, एकेकाच्या तोंडात सोडला. हे कसं करायचं ते तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं, तिच्या सासूला तिच्या सासूनं. पेच्ची हळवी बाई नव्हती. दुष्काळात हळवं राहून चालत नाही. पण माती लोटून झाल्यावर ती तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी भट्टीवरून आली तर चिट्टू गव्हाणीखाली नेहमीसारखी पडली होती. पोटाशी ठेवलेलं पिल्लू चुटूचुटू पीत होतं, आणि त्याच्या शेजारी दुसरं एक होतं, मातीनं माखलेलं, मेलेलं. चिट्टू त्याला चाटत होती. चाटून चाटून तिनं त्याचं डोकं स्वच्छ केलं होतं. तळ्यापर्यंत वासावर जाऊन ती उकरून घेऊन आली होती.

"खोल पुरायचं असतं," इरुळप्पन म्हणाला. "एवढी वर्षं झाली, अजून शिकवायचं का?"

पेच्चीनं ते पिल्लू काढून घेतलं तेव्हा चिट्टू गुरगुरलीसुद्धा नाही. ही जात विनाकारण आवाज करत नाही. तिनं नुसतं पेच्चीच्या तोंडाकडे बघितलं.

राखलेल्या नर पिल्लाचं नाव वीरन ठेवलं. सगळं दूध एकट्याला, मग काय विचारता! दोन महिन्यांत पाय दोरीसारखे लांब झाले, छाती खाली उतरली, शेपटी पार गुडघ्याच्या खाली पोचायला लागली. इरुळप्पन दिवसभर त्याच्या मागं. अंगाला एरंडेल चोळायचं, बोटांमधल्या गोचड्या काढायच्या, कान उलटून बघायचे, सकाळी उन्ह व्हायच्या आत काळ्या रानातून चालवून आणायचं म्हणजे तळवे घट्ट होतात. शेजारच्या विहिरीत गळ्याइतकं पाणी होतं ते माणसं जपून वापरत होती. म्हातारा त्यात वीरनला पोहायला सोडायचा आणि शिव्या खायचा. बरगड्या तीन दिसल्या पाहिजेत, चौथी दिसली तर उपाशी, दोनच दिसल्या तर लठ्ठ. रोज बोटांनी मोजायचा.

घरात एक शेळी होती. तिचं दूध वीरनच्या आंबिलीत जायचं. कोंबडीनं अंडं दिलं की तेही. शेंबगमच्या आंबिलीत मीठ आणि सोबत कांदा.

"ताता, नवरी मी आहे का तो?" ती एकदा म्हणाली.

"तू नवरी झालीस तर एका घराचं नाव होईल," म्हातारा हसत म्हणाला. "हा पळाला तर सगळ्या गावाचं."

तो वाईट माणूस नव्हता. नातीवर त्याचा जीव होता, पण आधी कुत्रा आणि मग उरलेलं जग, अशी त्याची रचनाच होती. पेच्चीला या गोष्टीचा राग यायचा आणि राग आला की ती जास्त लाकडं तोडायची.

कार्तिकात त्या भागात नवाच रोग आला. कुत्री ओकायची, मग रक्ताचे जुलाब, मग संपली. गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर सायकलीवर सुया घेऊन गावात आला. इरुळप्पननं त्याला अंगणातच थांबवलं.

"ही कन्नी आहे. परक्या हातचा भात खात नाही. परक्या हातची सुई घेईल?"

"आजोबा, रोगाला जात कळत नाही," कंपाउंडर म्हणाला.

"जात तुला कळत नाही. जा, त्या गावठ्यांना टोच."

पेच्ची चुलीपाशी होती. "मामा, टोचून घेऊ दे की," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. कंपाउंडर सायकल वळवून निघून गेला.

मार्गळीच्या थंडीत वीरननं आंबील सोडली. पहिल्या दिवशी इरुळप्पन म्हणाला, नजर लागली. दुसऱ्या दिवशी त्यानं हळद आणि ताडगूळ पाजला. तिसऱ्या दिवशी गोठ्यात जाववत नव्हतं इतका वास सुटला. म्हातारा त्या घाणीत बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन होता. ज्याच्या तीन बरगड्या मोजायचा त्याच्या आता सगळ्या दिसायला लागल्या. दुपारी तो गेला. या खेपेला खड्डा इरुळप्पननं स्वतः खणला, आणि खोल खणला.

चिट्टू वाचली. म्हातारी कुत्री, तिच्या अंगात कुठलं बळ होतं कोण जाणे.

चार दिवसांनी शेंबगमची होणारी सासू आवडै आली. नटूनथटून, पानाचा तोबरा भरून. लग्नाचं बोलणं राहिलं बाजूला, तिनं आधी गोठ्यात डोकावून बघितलं.

"आमच्या घरात कुठली सून कुत्रीवाचून आली नाही," ती म्हणाली. "माझी बहीण विचारत होती, पिल्लू केवढं झालं म्हणून."

"आणतोय. चेल्लैयाकडे आहे," इरुळप्पन म्हणाला.

"बघा हं. नाहीतर लोक म्हणायचे, म्हाताऱ्यानं पोरगीच तेवढी काढून दिली."

पेच्चीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण मुलीच्या आईला गिळावं लागतं. तिनं पुन्हा पान पुढं केलं.

ती गेल्या गेल्या इरुळप्पन उठला. खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि पेच्चीला म्हणाला, "चल. मादी निवडायला बाईमाणूस बरं असतं."

चेल्लैया अंगणातच होता. बाज टाकून पडलेला. त्याच्या पायाशी एक नर पिल्लू, वीरनच्याच तोडीचं.

"ये, ये," चेल्लैया उठून बसला. "ऐकलं मी. वाईट झालं. माझाही एक गेला, हा वाचला."

"चेल्लैया, मी मादी मागायला आलोय. नातीबरोबर द्यायला."

चेल्लैया बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं. "माझ्याकडे कुठली मादी? कार्तिकात चार माद्या झाल्या होत्या, बायकोनं दुसऱ्या दिवशी नेल्या. आई पण या रोगात गेली. मीच परवा बायकोला म्हणालो, इरुळप्पनकडे चिट्टू आहे, त्याच्याकडे मादी असेल, आपण मागू."

"चारही?" पेच्ची मध्येच बोलली.

"मग? ठेवून करायचं काय? मासीची शिकार तोंडावर. दूध वाटलं गेलं असतं."

चेल्लैयाची बायको दाराशी उभी होती. तिनं पेच्चीकडे बघितलं, पेच्चीनं तिच्याकडे.

मग ते निघाले ते गावोगाव. एका गावात एका घरी नर, दुसऱ्या घरी दोन नर. पुढच्या गावात एक म्हातारा म्हणाला, मादी काय, लागेल तेव्हा तुमच्या गावातून आणतो आम्ही, तुमच्याकडे पुष्कळ. प्रत्येक अंगणात लांब पायांचे, खोल छातीचे, उमदे नर दोरीला ताणे देत उभे होते आणि प्रत्येक मालक मान उंचावून दाखवत होता. इरुळप्पनला आधी राग आला. मग त्याची चाल मंदावली. ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या भरवशावर आपली टोपली भरली होती.

शेवटी पेच्चीचं माहेर. तिचा भाऊ वेल्सामी शेतातून यायचा होता. इरुळप्पन या घरात कधी ओट्यावरून खाली बसला नव्हता. व्याही मंडळीत त्याचा मान मोठा. आज वेल्सामी आला तेव्हा म्हाताऱ्यानं खांद्यावरचं उपरणं काढून कमरेला गुंडाळलं, थोरापुढं लहान माणूस गुंडाळतो तसं. पेच्चीनं मान खाली घातली. तिला त्याची कीव आली आणि त्याच वेळी बरंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

"वेल्सामी, तुझ्या बापानं मला या घरची मादी दिली होती. पुन्हा एक दे. तुझ्या भाचीसाठी मागतोय."

वेल्सामीचा चेहरा उतरला. "मामा, असती तर मी डोक्यावर घेऊन आलो असतो. पण आमची मादी मागच्याच साली गेली."

"तिच्या पोटची?"

"तुम्हीच सांगत होता ना मामा, एकच ठेवावं, नर ठेवावा? तुमचे कुत्रे बघूनच आम्ही शिकलो." त्यानं शीळ घातली. मागच्या दारानं एक कुत्रा आला, काळा, चकचकीत, राजासारखा. "हा बघा. पंचक्रोशीत असा नाही."

इरुळप्पननं सवयीनं हात पुढं केला आणि त्याच्या बरगड्या चाचपल्या. तीन.

परतताना वेशीजवळ आल्यावर इरुळप्पन म्हणाला, "चिट्टू उन्हाळ्यात पुन्हा माजावर येईल."

पेच्ची थांबली. "मामा, ती म्हातारी झाली. दात झिजलेत तिचे. त्या रोगातनं उठलीय. मरेल ती."

"एक पिल्लू देऊन मरू दे. एक मादी दिली की झालं."

"आणि तेव्हा तीन होत्या त्या?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. पेच्चीला वाटलं, आता ओरडणार. पण तो ओरडला नाही. "तेव्हा काय माहीत होतं, पोरी," एवढंच म्हणाला आणि चालायला लागला.

लग्न सात-आठ महिने पुढं, आवणी महिन्यावर ढकललं. आवडैनं चार बायकांत दहा बोलणी ऐकवली, पण थांबली. कारण तिलाही दुसरीकडे कुठं कन्नी मिळाली नव्हती. मासीच्या शिकारीला इरुळप्पन गेला नाही. चिट्टूसाठी आता आंबिलीत दूध होतं, अंडं होतं, कधीमधी सुकटही. शेंबगम स्वतःच्या हातानं तिला भरवायची. "माझ्यासाठी एक दे हां, चिट्टू," असं तिच्या कानात सांगायची. माज आला तेव्हा वेल्सामीचा कुत्रा आणला. चिट्टू त्याला दात दाखवून मागं सरत होती. इरुळप्पननं तिचं डोकं गुडघ्यांत धरलं. पेच्ची घरात निघून गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

वैकासी महिन्याच्या उन्हात पोट दिसायला लागलं, पण एकाच बाजूला. ज्या दिवशी कळा सुरू झाल्या त्या दिवशी पश्चिमेचा वारा सुटला होता आणि डोळ्यांत धूळ जात होती. सकाळपासून दुपार झाली. चिट्टू उठायची, फिरायची, पुन्हा पडायची, जीभ लोंबत होती. काही बाहेर येईना. इरुळप्पन स्वतः दवाखान्यापर्यंत पळत गेला. कंपाउंडर तालुक्याला गेला होता. म्हातारा तसाच परत आला, ओट्यावर बसला आणि चेल्लैयाही त्याच्याजवळ येऊन बसला. उपरण्याचं भांडण दोघंही विसरले होते. पिल्लं जास्त झाली तर एक मादी चेल्लैयाला, असं दोघांनी ठरवूनही टाकलं होतं.

गोठ्यात पेच्ची गुडघ्यांवर बसली होती. शेंबगमनं चिट्टूची मान धरली होती. पेच्चीनं हाताला एरंडेल लावलं आणि बोटं आत घातली. एकच होतं. एकटं असल्यानं नको एवढं वाढलेलं. डोकं अडकलं होतं. कळ आली की पेच्ची ओढायची, कळ गेली की थांबायची. चिट्टू ओरडली नाही. शेवटी पिल्लू आलं, आणि त्याच्यामागं रक्त आलं, ते थांबेना. पिल्लू हललं, तोंड उघडलं. चिट्टूनं मान वळवून त्याला एकदा चाटलं आणि मान शेंबगमच्या हातात टाकली.

"आई," शेंबगम म्हणाली. "आई, ही बघ ना."

पेच्चीनं बघितलं. मग पिल्लू फडक्यानं पुसलं, उलटं केलं आणि शेपटीखाली पाहिलं. आयुष्यात तिनं हे कधी केलं नव्हतं. ते पुरुषांचं काम. बघून झाल्यावर ती बाहेर आली आणि तिनं ते इरुळप्पनच्या मांडीवर ठेवलं.

"काय आहे?" म्हातारा खाली न बघता म्हणाला. "पेच्ची, काय आहे?"

"नर."

"आणि चिट्टू?"

"गेली."

इरुळप्पनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यानं पुसलंही नाही. चेल्लैयानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग चेल्लैयाचा हात सवयीनं खाली गेला. त्यानं पिल्लू मानेच्या कातड्याला धरून उचललं, हवेत धरलं. पिल्लू गप लटकून राहिलं.

"इरुळप्पा," चेल्लैया हळूच म्हणाला, "पाय बघ याचे. छाती बघ. मासीच्या शिकारीला हा ससा सोडायचा नाही."

"हो का?" इरुळप्पननं नाक ओढलं. उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले आणि पिल्लू जवळ घेतलं. "दाखव. दाखव बघू." बोटांनी त्यानं बरगड्या चाचपल्या. मग आतल्या बाजूला हाक मारली, "पेच्ची! आधी शेळीचं दूध आण. कोमट करून आण."

पेच्ची तिथंच उभी होती. तिच्या कोपरापर्यंत रक्त होतं. सासऱ्याच्या हाकेला ओ द्यायची तिला लग्नापासूनची सवय. आज तिनं ओ दिली नाही. ती गोठ्यात गेली. चिट्टूला तिनं आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं, उचललं आणि परसात लिंबाखाली नेलं. ओझं असं नव्हतंच. शेंबगम कुदळ घेऊन मागं आली.

"आई, मग माझ्याबरोबर काय देणार?"

"काही नाही," पेच्ची म्हणाली. "रिकामी जा. तुला तरी कुणाला पुरायला जावं लागणार नाही."

पुढून म्हाताऱ्याची पुन्हा हाक आली, दूध, दूध म्हणून. शेंबगमनं आईकडे बघितलं. पेच्चीनं तिच्या हातातली कुदळ घेतली आणि खणायला सुरुवात केली. जमीन दगडासारखी झाली होती, पहिल्या घावाला नुसता धुरळा उडाला.